उंबऱ्यावरचा रंग

पुणे,
दि. ९ मार्च १९८७

मा. चेअरमन,
लोकर विणकर व रंगाई सहकारी संस्था यांस,

स. न. वि. वि.

यातला 'सप्रेम' हा रिवाजाचा शब्द आहे म्हणून राहू दिला. नमस्कार खरा धरा, तुम्ही वयानं मोठे आहात. संस्थेच्या छापील कागदावर जावक क्रमांक घालून सख्ख्या बहिणीला 'कुमारी सत्यभामा' असं पत्र धाडलंत, तेव्हा मीही आजपासून दादा म्हणत नाही. चेअरमन साहेबांना अरे-तुरे केलेलं बरं दिसत नाही.

इकडे मी ठीक आहे. तिकडे पाण्याची टंचाई आहे, पेपरात वाचते. वहिनीचा खोकला थांबला असेल. माय दुपारची

(इथं दीड ओळ खोडली आहे. वाचायचा खटाटोप करू नका.)

कामाचं लिहिते. तुम्ही मागितलेला दाखला मी देणार नाही. 'रंगाईच्या हौदातून निघणारे पाणी शास्त्रीय पद्धतीने शुद्ध झालेले असून ते विहिरीत जिरवण्यास हरकत नाही.' हे वाक्य तुमच्या सेक्रेटरी धोंडीरामनं छान घोळवून लिहिलंय. खाली माझं नावही टाईप करून तयार. मला विचारायचं तेवढं राहून गेलं. सही करून परतीच्या टपालानं पाठवावे, म्हणे. मी काय तुमच्या पेढीवरची कारकून आहे?

माघात मी कळवलं होतं की संक्रांतीला आपल्या विहिरीतून जी बाटली भरून आणली, तिच्यात क्रोम सापडलं, ते पाणी कोणी पिऊ नका. त्याला तुमचं उत्तर नाही. महिन्याभरानं उत्तर म्हणून हा दाखला आला. म्हणजे पत्र पोचलं होतं.

तुमच्या हौदाचं तुम्ही पानभर कौतुक केलंय. तुम्ही नक्की काय बांधून ठेवलंय ते आता माझ्याकडून ऐका. शेडमधलं लोकर रंगवलेलं पाणी पूर्वी ओढ्यात जायचं. दुष्काळात एवढं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून तुम्ही हौद बांधला. विहिरीच्या मलब्यातल्या गारगोट्या फोडून त्यात भरल्या. वरून निळं पाणी सोडलं, खालून पांढरं आलं. ते पांढरं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा करून जिरवलंत, म्हणजे उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहील. जिल्ह्याचे साहेब पाहून गेले. त्यांच्यासमोर तुम्ही तांब्याभर पाणी गटागटा प्यायलात आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थांनाही असलाच हौद हवाय, म्हणून माझी सही हवी.

आणि हे सगळं माझ्या नावावर खपवता! 'आमच्या सत्याचं संशोधन हाय' असं साहेबांना सांगितलंत, मला इथं बसून कळलं. सांगते माझं संशोधन काय आहे, दिवाळीत चुलीपुढं सांगितलं तेव्हा तुम्ही अर्धंच ऐकलंत.

आपण विहिरीतल्या ज्या दगडाला गारगोटी म्हणतो तो झिओलाइट, आणि त्या जातीचे दगड आतून पोकळ असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्याच खोल्या, आणि खोलीपेक्षा खोलीचं दार लहान. मी त्याच जातीची पूड इथं प्रयोगशाळेत बनवते, तिच्या खोल्या जरा ऐसपैस असतात. त्यात मी आधी कोबाल्ट शिरवते. मग एका रंगाचे सुटे तुकडे आत सोडते आणि तापवते. ते तुकडे आत कोबाल्टभोवती एकमेकांना जोडून घेतात आणि एवढा मोठा निळा रेणू तयार होतो, की त्याला दारातून बाहेर पडता येत नाही. तुम्हाला कळावं म्हणून मी म्हटलं होतं, आपल्या घरातल्या धान्याच्या कणगीसारखं. तुराट्या दारातून आत नेल्या, कणगी आत विणली, आता भिंत पाडल्याशिवाय ती निघत नाही. तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि उठून गेलात. पुढचं ऐकायला थांबला नाहीत.

पुढचं असं होतं, की तयार झालेला रंग बाहेरून आत कोंडता येत नाही. तुमच्या शेडमधला निळा रंग आधीच पुरा विणलेला आहे. आपल्या विहिरीच्या गारगोटीची दारं तर इतकी अरुंद, की तो आत शिरतसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून राहतो. उंबऱ्यावर बसलेल्याला उठवायला किती वेळ लागतो? हौद भरला, दगड निळे झाले, ते धुवायला गोडं पाणी नाही, म्हणून तुम्ही खाऱ्या बोअरचं पाणी सोडलंत. त्या पाण्यातल्या मिठानं रंगाला ढकलून त्याची जागा घेतली. दगड पांढरे झाले म्हणून तुम्ही खूश, आणि धुतलेला सगळा रंग खड्ड्यातून विहिरीत. संक्रांतीला विहिरीच्या दगडी बांधावर निळी रेघ होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. 'कपडे धुत्यात बाया, नीळ हाय ती,' असं तुम्ही म्हणालात. शाळेतल्या पोराला सांगावं तसं!

निळ्याचं एक वेळ राहू द्या. काळा आणि तांबडा पक्का व्हावा म्हणून तुम्ही कढईत जे नारिंगी खडे टाकता, ते क्रोम. त्याला तुमचा दगड क्षणभरही धरत नाही. क्रोमचा विद्युतभार आणि त्या दगडाचा भार एकाच बाजूचा, ते एकमेकांना दूर लोटतात. निळा रंग वर अडकला की क्रोम खालून निघून जातं, आणि पाणी दिसतं स्वच्छ. फार तर किंचित पिवळसर. हौद नसता तर लोकांनी निळं पाणी बघून तोंड फिरवलं असतं. हौदामुळे ते आता बिनघोर पितात.

कडूबाई तुमच्या कढईवर काम करते. तिच्या बोटांच्या पेरांवर भोकं पडली आहेत, गोल, आतून काळी, दुखत नाहीत म्हणून ती कोणाला दाखवत नाही. मला दाखवली. ती क्रोमची भोकं आहेत. आणि टँकर नाही आला की तिची खालची वस्ती याच विहिरीवर असते. तुमच्या अंगणात टँकरचा पाइप येतो, तुम्हाला चिंता नाही.

शेडमधले नारिंगी खडे बंद करा. विहिरीवरचा खड्डा बुजवा. विहिरीचा रहाट काढून ठेवा. हे तिन्ही केल्याचं पत्र धाडा, मग पुढचं बोलू.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू द्यावा.

सत्यभामा


दि. १५ मार्च १९८७

चि. सत्यभामास,

अनेक आशीर्वाद. आमचा आशीर्वाद रिवाजाचा नाही, खरा हाय. छापील कागद तुला झोंबला म्हणून साध्या कागदावर लिहितो.

तुझं पत्र पेढीवर सगळ्यांदेखत उघडलं. पहिल्याच ओळीत अहो-जाहो. धोंडीराम बघत होता. पायातला जोडा काढून मारला असतास तरी इतकं लागलं नसतं.

तू शिकलीस, मी मेंढरं राखली. कशापायी राखली? तू बीडला शाळंत राहावी म्हणून. ते मी कधी बोललो नाही. आज बोललो, कारण तू मला शाळा शिकवायला लागलीस.

बोअरच्या पाण्यानं धुणं आमी बंद करून दोन महिने झाले. दगड बदलले. आता हिरीत निळं काही नाही, पाणी आरशावाणी. जरा पिवळं दिसतं ते मुरमाचं. मी लोकांदेखत पिलो, मला काय झालं? हाय की जिवंत, तुला पत्र लिहितो. कडूबाईचा हात म्हणशील तर तिला रबरी मोजे दिलते, ती घालत नाही, सासू हसते म्हणती. मलम आणून दिलं.

तू म्हणतीस खडे बंद करा. खड्याबिगर काळा रंग टिकत नाही, पावसात घोंगडी गळती. मग ती घेणार कोण? औंदा कारखान्याच्या गाड्या गावात आल्या, अर्धं गाव चढलं, पण आपल्या शेडवरली एक बाई चढली नाही. पहिल्यांदाच. त्यांची लेकरं उसाच्या फडात न राहता इथं शाळंत हायेत. हे तुला पुण्यात बसून दिसत नाही. शेड बंद करून पुढल्या साली कडूबाईच्या हातात कोयता द्यायचा असंल तर तू ये आन दे. माझ्यानं व्हायचं नाही.

आन हीर नासली म्हणतीस. कोणाची हीर? बहात्तरच्या दुष्काळात मी खांदलेली हाय ती. तू काठावर बसायचीस, फ्रॉकात खडे गोळा करत. पहिल्या सुरुंगाला जी पांढरी गारगोटी निघाली ती मी वर तुझ्या हातात दिलती. त्या गारगोटीपायी तू तिथं पोचलीस आन आज त्याच हिरीला नावं ठेवतीस. लाज वाटली पाहिजे.

खोडलेली ओळ मी उजेडाला धरली. 'माय दुपारची' याच्या पुढं काही लागलं नाही. आपल्या भांडणात तिला आणू नको. ती बरी हाय. जेवण जात नाही, सकाळी उठली की उलटी होती, तोंड आन पाय सुजल्यासारखे दिसत्यात, पण ते उन्हाचं. वय झालं. टँकरचं पाणी घरात हाय, तिला कशाची कमी नाही. तरी दुपारची झोपत नाही, रानात फेरी मारून येती. सांगून ऐकत नाही.

पाडव्याला वार्षिक सभा हाय. त्याआधी सही करून दाखला पाठव. साहेबांना शब्द दिलाय. नाही पाठवलास तर मी समजंन मला बहीण नाही, आन तू या घराचा उंबरा चढू नको.

आश्रुबा


पुणे,
दि. १९ मार्च १९८७

दादा,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. हे पत्र टपालात टाकत नाही, बीडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. स्टँडवर तुझ्या ओळखीचं कोणी ना कोणी भेटेलच. मिळालं की वाचत बसू नकोस, आधी मायला घेऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरला सांग, विहिरीच्या पाण्यातून पोटात क्रोम गेलंय. लघवी तपासायला सांग. 'उन्हाचं आहे' असं तू तुझ्या तोंडानं सांगू नकोस, त्यांना ठरवू दे. मग हे पुढचं वाच.

माय टँकरचं पाणी पीत नाही. कधीच प्यायली नाही. दुपारी तू पेढीवर गेलास की ती रानात फेरी मारायला जात नाही, लहान कळशी पदराखाली घेऊन विहिरीवर जाते. संक्रांतीला मी तिच्या मागून गेले. ती रहाटाजवळ उभी राहून ओंजळीनं पीत होती आणि मला बघून दचकली, चोरी केल्यासारखी. मी ओरडले. तर म्हणाली, 'टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास येतो गं. आन ही माज्या लेकानं खांदलेली हीर हाय. बहात्तरला साऱ्या गावाला पाणी पाजलं हिनं. मी न्हाई पिले तर कोन पिईल?'

मी तिला ती निळी रेघ दाखवली. तिनं मान दुसरीकडे केली. शेवटी म्हणाली, 'बरं, न्हाई पीत. पर आश्रूला सांगू नको. मी पानी सोडलं म्हणून त्याला कळलं तर त्याला लई लागंल. अन पीत होते हे कळलं तरी लागंल.' मी म्हटलं नाही सांगत. तिनं विहिरीचं पाणी सोडायचं आणि मी तोंड बंद ठेवायचं, असा आमचा सौदा झाला. देवाशपथ.

तुझ्या पत्रावरून दिसतंय की मायनं तिचा शब्द पाळला नाही. म्हणून मी माझा मोडते आहे. मागच्या पत्रातली ती ओळ हीच होती. लिहिली, शब्द आठवला, खोडली. न खोडती तर दहा दिवस वाचले असते. पण मला वाटलं, मायनं ऐकलं असेल.

उलटी, जेवण न जाणं, तोंड सुजणं. तू हे सगळं स्वतःच्या हातानं लिहिलंस आणि त्याच वाक्यात लिहिलंस की ती बरी आहे! दादा, तुझा इतका राग मला जन्मात आला नव्हता. तू लोकांदेखत एक तांब्या प्यायलास म्हणून टाळ्या घेतल्यास. ती तुझ्या घरातली बाई रोज पितेय, आणि तिच्यासाठी एक माणूस टाळी वाजवत नाही.

मी डॉक्टर नाही. सूज कशानं आहे ते मला इथून सांगता येत नाही, कदाचित दुसरं काही असेल, तसं असो म्हणून मी सकाळपासून गणपतीला हात जोडते आहे. आपल्या तिकडच्या, लिंबागणेशच्या. प्रयोगशाळेत बसून. हसायचं तर हस.

तुझ्या बाकीच्या मुद्द्यांचं उत्तर देते, कारण तू म्हणशील की मायचं नाव काढून सत्यानं बोलणं टाळलं. शेडवरच्या बायका गाडीत चढल्या नाहीत, हे तू केलंस. हे दुसऱ्या कोणालाही जमलं नाही आणि मला त्याचा अभिमान आहे, तुला तो मी कधी सांगितला नाही कारण तू आधीच इतका फुगलेला असतोस. शेड बंद कर असं मी कुठंही लिहिलेलं नाही, पुन्हा वाच. क्रोम बंद कर असं लिहिलंय. काळ्या मेंढीच्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही आणि ती पावसात गळतही नाही. आपल्या आज्ज्यानं जन्मभर तसलीच घोंगडी विकली. पांढऱ्या लोकरीला काळं करायचा हट्ट साहेब लोकांच्या ऑर्डरीसाठी आहे. हे मी सभेत उभी राहून सांगणार. मला सभेत येऊ न देणं तुझ्या हातात नाही. निवडणुकीत आपली मतं भरावीत म्हणून तूच मला, मायला, वहिनीला, दगडाबाई काकूला सभासद करून ठेवलंयस. न विचारता. आता विचारायला मीच येते.

पण सभा पाडव्याला आहे. विहिरीचं आजच करायला हवं, आणि ते मला जमणारं नाही.

मी आले आणि मायला म्हटलं की हे पाणी पिऊ नको, तर ती हो म्हणेल आणि दुपारी कळशी घेऊन जाईल. एकदा गेलीच आहे. डॉक्टरनं सांगितलं तर म्हणेल, डॉक्टरला काय कळतं, तो बाहेरगावचा. रहाट काढून ठेवलास तर कोणाकडून तरी दोर मागून आणेल. तू तिला ओळखतोस. तिला एकाच माणसाचं खरं वाटतं. त्या माणसानं सांगितलं होतं, ही हीर गावाला पाजंल, म्हणून ती पाजते आहे, स्वतःला.

तुला तिच्यासमोर बसून सांगावं लागेल, माय, माझी हीर नासली, मीच नासवली, तिचं पाणी पिऊ नको. असंच सांगावं लागेल. मुरूम नाही, ऊन नाही, सत्याचं खूळ नाही. 'सत्या म्हणतीया' असं म्हणून सांगितलंस तर ती ऐकणार नाही. तुझं म्हणून सांगायचं.

माझ्याकडून दाखला मागत होतास ना? माझ्या सहीला आपल्या घरात कोणी विचारत नाही. हा दाखला तुझ्याच तोंडून जायला हवा, आणि एकाच बाईला.

मी उद्याच्या गाडीनं निघते, संध्याकाळी पोचेन. तुम्ही दवाखान्यात असाल तर तिथंच येते. घरी असाल आणि उंबरा चढू देणार नसशील तर मी विहिरीवर जाऊन बसते. बहात्तरला बसत होते त्याच काठावर. तुझ्या हातची ती गारगोटी इथं माझ्या टेबलावर आहे, येताना आणत नाही. तिला नावं ठेवलेली नाहीत.

मायला हे पत्र वाचून दाखवू नकोस. तू सांग.

तुझी,
सत्या